मालकांची गाडी, वहिनींचा घाट

आमचे मालक कुठलीही वस्तू घेताना आधी तिचं वजन विचारायचे. मग तो फ्रीज असो, सोफा असो नाहीतर लेकीच्या लग्नातला शालू. पत्रा किलोवर घेण्यात आणि भंगार किलोवर विकण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यामुळे जगात प्रत्येक गोष्टीला किलोचा भाव असतो आणि तो न सांगणारा दुकानदार काहीतरी लपवत असतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. एकदा नवा मोबाइल आणला तर खोका फोडायच्या आधी तो कारखान्यातल्या माल तोलायच्या काट्यावर ठेवला, मनातल्या मनात भागाकार केला आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "चांदीच्या वर गेला राव ह्यो." पुढे दोन दिवस त्या फोनवर ते कुणाशी धड बोलले नाहीत.

चाकणच्या एमआयडीसीत त्यांची शेड होती. गाड्यांच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्यांना लागणाऱ्या पट्ट्या आम्ही प्रेसवर ठोकायचो. मी तिथे क्वालिटी बघायचो. म्हणजे पट्टी वाकडी आली की आरडाओरडा करायचा, आणि मालक "जाऊ दे रे, कर सरळ" म्हणाले की आणखी मोठ्याने आरडाओरडा करायचा. मालक चाकणजवळच्याच एका गावचे, राहायला मात्र रावेतला. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. वहिनी कोकणातल्या, म्हसळ्याच्या पुढच्या. तरुणपणी दोघं भोसरीत एकाच कंपनीत कामाला होते, ते प्रेसवर आणि त्या पॅकिंगला, तिथेच त्यांचं जमलं. आता शेडचं पॅकिंग वहिनी सांभाळायच्या, आणि खरं सांगायचं तर मालकांनाही त्याच सांभाळायच्या.

अशा या माणसाने एके दिवशी चहा पिता पिता जाहीर केलं की गावचं एक वावर रिंगरोडात गेलं, त्याचे पैसे आलेत आणि त्यातून मोठी गाडी घ्यायची. मोठी म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे असते तशी नव्हे. परदेशी कंपनीची, सात जण बसतील अशी, जिच्यात शिरायला आधी पायरी चढावी लागते अशी. मी भडकलोच. म्हटलं, "मालक, तेवढ्या पैशांत दोन नव्या प्रेस येतील. प्रेस कमावते, गाडी खाते. शोरूमच्या दारातून बाहेर पडली की निम्मा भाव उतरतो तिचा. आणि चालवणार कुठे? तळेगाव रस्त्यावर कंटेनरच्या मागे तासभर उभं राहायला एवढी गाडी लागते होय?"

मालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "झालं तुजं?" म्हणाले. मग म्हणाले, "वजन किती आसंल रे तिचं?"

मी मोबाइलवर बघून सांगितलं, अडीच टनांच्या आसपास. त्यांनी डोळे मिटून भागाकार केला. "काजूकतलीच्या चौपट पडतीय. चांदीच्या मात्र लई खाली हाय. घ्यायला हरकत न्हाई." एवढं बोलून कप धुऊन ठेवायला निघून गेले.

शेडवर महिनाभर याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं, पैसा डोक्यात गेला. कुणी म्हणालं, गावातल्या भावकीला दाखवायचंय. मलाही तसंच वाटत होतं. खरं कारण मला त्यांनीच सांगितलं, आणि तेही एकदाच.

वहिनींना गाडी लागायची. लागायची म्हणजे आपल्याला वळणावर थोडं मळमळतं तशी नव्हे. रिक्षा रावेतच्या पुलावर चढली तरी त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडायचा. म्हणून त्या रोज रावेतहून चाकणला स्कूटरवर यायच्या, उन्हातान्हात, कंटेनरच्या गर्दीतून. लिंबू, आलेपाक, आवळासुपारी, गोळ्या, सगळं करून झालेलं. माहेर मात्र ताम्हिणी घाटाच्या पलीकडे. काही वर्षांपूर्वी वडील गेल्याचा फोन आला तेव्हा मालकांनी आपली जुनी छोटी गाडी काढली होती. "म्या चालवत व्हतो," मालक म्हणाले, "आन् मागं ही वकत व्हती. दर वळणाला थांबत व्हतो. थांबलो नसतो तर तिला बाप दिसला असता. पर न्हाई थांबावं तर हीच हातातनं जाती का काय, आसं वाटायचं." ते पोचले तेव्हा माणसं स्मशानातून परत येत होती.

त्यानंतर वहिनी माहेरी गेल्याच नाहीत. आता आई अंथरुणाला खिळलेली, कानांनी अधू. वहिनी रोज संध्याकाळी पॅकिंगच्या टेबलापाशी उभ्या राहून फोनवर ओरडायच्या, "आई, जेवलीस काय?" आणि पलीकडून दर वेळी, "कोण?"

"जिच्यात हिला लागत न्हाई, ती गाडी घ्यायची," मालक म्हणाले. "मंग ती चांदीच्या वर गेली तरी चालंल."

हे ऐकल्यावर मी प्रेसचं नाव काढणं बंद केलं. पण मनातून वाटतच होतं की उलटी थांबवायला एवढा खर्च करणारा माणूस पृथ्वीवर हा एकच असेल. राग येत होता आणि हेवाही वाटत होता. माझी बायको लातूरची, तिला काहीच लागत नाही.

मग गाड्या बघणं सुरू झालं. वहिनी मधल्या रांगेत, हातात पिशवी आणि अर्धं लिंबू. मी अगदी मागे, कारण मालकांना साक्षीदार हवा होता. स्टिअरिंगवर मालक, आणि सेल्समन त्यांच्या शेजारी बसून आपलं पाठ केलेलं म्हणत असायचा: सीट पाठ दाबून देते, छत उघडतं, इतके स्पीकर आहेत. मालक मध्येच विचारायचे, "घाटात कशीय?" सेल्समनला वाटायचं ताकदीबद्दल विचारतायत. तो इंजिनाबद्दल बोलायला लागायचा. मालक गाडी थेट पिरंगुटच्या घाटात घालायचे. "सपाटीला बैलगाडीबी चांगली चालती," म्हणायचे.

पहिली गाडी दुसऱ्या वळणावर नापास झाली. वहिनींनी पिशवी वेळेत उघडली, तरी व्हायचं ते झालंच. सेल्समन बिचारा ओल्या रुमालाने चामड्याची सीट पुसत राहिला. दुसऱ्या शोरूममध्ये घाटापर्यंत जायचीही वेळ आली नाही, चांदणी चौकातच निकाल लागला. तिसरी गाडी सगळ्यांत महाग. तिची चाकं म्हणे हवेच्या पिशव्यांवर तोललेली, खड्डा कळूच द्यायचा नाही. सेल्समन नवीनच होता, दर वळणाला मागे वळून विचारायचा, "मॅडम, ठीक आहे ना?" वहिनी डोळे मिटून, लिंबू नाकाशी धरून बसलेल्या. घाट चढला, उतरला, आणि त्या म्हणाल्या, "बरं आहे. काही नाही झालं." मालकांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. त्याच दिवशी त्यांनी गाडी सांगून टाकली. वजन विचारायचंसुद्धा विसरले.

गाडी आली, पूजा झाली, चाकाखाली लिंबं फुटली, शेडवर पेढे वाटले गेले. मालकांनी स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असा नियम केला. सर्व्हिसिंगला दिली तरी शोरूमच्या माणसाशेजारी हे स्वतः जाऊन बसायचे. मागे घ्यायची असेल तर मात्र कुणीतरी गाडीमागे उभं राहून ओरडायला लागायचं. मी म्हटलं, मालक, चारी बाजूंना कॅमेरे आहेत, पडद्यावर सगळं दिसतं. म्हणाले, "दिसतं की. पर त्यो 'येऊ द्या' म्हनत न्हाई." मग मी मागे उभा राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करत असे.

सुट्टी बघून दोघं माहेरी निघाले. सकाळी लवकर निघालेले दुपारी जेवायच्या वेळेला परत रावेतमध्ये हजर.

दुसऱ्या दिवशी वहिनी पॅकिंगच्या टेबलावर पट्ट्या मोजत होत्या. मी विचारलं काय झालं. त्या हसायला लागल्या आणि हसता हसताच पदराने डोळे पुसायला लागल्या. "मुळशी धरणाचं पाणी संपेपर्यंतसुद्धा नाय तग धरला मी. फार मऊ आहे रे ती गाडी. होडीत बसल्यासारखं होतं सगळं."

"पण पिरंगुटला तर काही झालं नव्हतं!"

"झालं होतं की. दाबून धरलं. घरी जाऊन मोकळी झाले." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या मुलाचा चेहरा बघवेना रे. आधीच दोघांच्या गाड्या खराब केलेल्या. हा सारखा वळून विचारतोय, मॅडम ठीक ना, मॅडम ठीक ना. म्हटलं, हो म्हणून टाकावं."

मी कपाळावर हात मारून घेतला. एका अनोळखी सेल्समनची दया आली म्हणून माणसं जास्तीत जास्त दोन साबण जादा घेतात. "मालकांना सांगितलंत?"

"सांगितलं. तिथेच, रस्त्याच्या कडेला बसून."

"काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, पोरगं चांगलं व्हतं."

आता गाडी होती आणि तिचं कामच उरलं नव्हतं. मालक एकटेच त्या सात सीटच्या गाडीत बसून शेडवर यायचे. त्यात आम्ही जिला माल द्यायचो त्या कंपनीत वर्षाच्या दराची बैठक आली. मालक मला शेजारी बसवून मोठ्या ऐटीत गाडी घेऊन गेले आणि नेमकी परचेसच्या साहेबांच्या खिडकीखाली लावली. साहेबांनी खिडकीतून गाडी पाहिली, आमच्याकडे पाहिलं, म्हणाले, "वा, तुमचं तर छानच चाललंय!" आणि दर वाढवून मागायला गेलेले आम्ही दर कमी करून देऊन बाहेर आलो. एवढी चूक या पट्ट्यातला शाळकरी पोरगाही करणार नाही. इथे माल देणारा माणूस गिऱ्हाइकाच्या दारात जाताना घड्याळसुद्धा खिशात घालतो.

तेव्हापासून मालक गाडी अलीकडच्या एका मिसळवाल्याच्या दारात लावायचे आणि तिथून माझ्या मोटारसायकलवर मागे बसून कंपनीच्या गेटवर यायचे. मांडीवर फाइल, डोक्यावर माझ्या बायकोचं हेल्मेट. वॉचमनला वाटायचं, या माणसाचे दिवस फिरले. तो मला हळूच विचारायचा, "शेठचं काही वाईट झालं का हो?"

मी म्हटलं, मालक, विकून टाका आता. जे येतील ते येतील. तर त्यांनी खिशातली किल्ली चाचपली. मग म्हणाले, "विकली तर ती समजंल, म्या तिला न्यायचं सोडलं."

तोड काढली वहिनींनीच. एका दुपारी डबे उघडलेले असताना त्या सरळ म्हणाल्या, "मला स्कूटरवर कधी लागतं काय? रोज येते-जाते. कधीच नाय. कारण चालवते मी. एसटीच्या ड्रायव्हरला घाट लागलेला बघितलाय कुणी? मला शिकवा. मी चालवते."

मालकांनी हातातला घास परत डब्यात ठेवला. "ती काय स्कूटर हाय? अगं ट्रक हाय ट्रक! रस्ता दिसायचा न्हाई तुला."

"उशी घेईन खाली."

"घाटात समोरनं डंपर आला मंजी?"

"डंपर रोज येतात मला, चाकणच्या चौकात. स्कूटरच्या समोर."

मालक उठून गेले. दोन दिवस वहिनींशी बोलले नाहीत, माझ्याशीही नाहीत, जणू मीच वहिनींच्या डोक्यात हे भरवलं होतं. तेवढ्यात माहेराहून भावाचा फोन आला. आईने जेवण कमी केलंय, सारखं नाव काढते, जमलं तर येऊन जा. वहिनींनी फोन ठेवला आणि पट्ट्या मोजायला लागल्या. शंभराचं बंडल त्यांनी तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा चुकलं. मालक लांबून बघत होते. खिशातून किल्ली काढली, वहिनींच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "गुरुवारी."

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. एरवी जिथे पाय ठेवायला जागा नसते ते रस्ते त्या दिवशी रिकामे असतात. कडेला उभे ट्रेलर, एखादं कुत्रं आणि बंद गेटांच्या आत खुर्च्या टाकून बसलेले वॉचमन. तिथे वहिनींची शिकवणी चालली. कच्चं लायसन्स काढलं, खाली उशी घेतली. मालक शेजारी बसून हातवारे करायचे आणि मागे घ्यायची वेळ आली की स्वतः उतरून, गाडीमागे उभे राहून घसा फोडायचे, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या!" एका गुरुवारी वहिनींनी डावी बाजू कुणाच्या तरी कंपाउंडच्या भिंतीला घासली. मी डोळेच मिटले. मालकांनी खाली उतरून त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पत्रा चांगला हाय. दबला, फाटला न्हाई. चल, परत घे."

पक्कं लायसन्स हातात आलं त्याच आठवड्यात आम्ही निघालो. मला मागे बसवलं. वाटेत काही झालं तर दोघांना धरायला माणूस हवा, असं कारण सांगितलं. मला ते पटलं.

पौडपर्यंत मालक उपदेश करत होते. हॉर्न दे, डावीकडं घे, त्याला जाऊ दे. पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होते. वहिनी "हो" म्हणायच्या आणि स्वतःला हवं तेच करायच्या. मुळशीचं पाणी सुरू झालं तसं मी पिशवी हाताशी घेतली. वहिनींनी काच खाली केली आणि एकदम म्हणाल्या, "अगं बाई! केवढं पाणी आहे हे!"

मला आधी कळेना त्यांना काय झालं. लग्नाला तीस वर्षं झाली, या रस्त्याने त्या कितीदा गेल्या असतील, पण मान खाली आणि डोळे मिटून. माहेरचा घाट त्यांनी कधी बघितलाच नव्हता. आता त्या लहान मुलीसारख्या विचारत सुटल्या. हा डोंगर कुठला, ती वाट कुठे जाते, इथे माकडं पहिल्यापासून आहेत का. स्टिअरिंगवर दोन्ही हात घट्ट, कपाळावर घाम, आणि तोंड थांबत नव्हतं. मला भरून आलं. मागे एकटाच होतो म्हणून बरं झालं.

मालक मात्र गप्प झाले होते. मला वाटलं, त्यांनाही भरून आलं असेल. मग त्यांनी हळूच मागे हात केला आणि म्हणाले, "पिशवी दे."

जन्मात हा माणूस घाटात दुसऱ्याच्या शेजारी बसलेला नव्हता. वहिनींनी गाडी व्यवस्थित कडेला घेतली, इंडिकेटर लावला, खाली उतरल्या आणि त्यांची पाठ चोळत राहिल्या. मालक दगडावर बसून हाशहुश करत होते. वहिनी म्हणाल्या, "आता कळलं?" मालकांनी मान हलवली. पुढे माणगावपर्यंत आम्ही चारदा थांबलो, चारही वेळा त्यांच्यासाठी.

म्हसळ्याच्या पुढे गावात गाडी शिरली तेव्हा वहिनींचा भाऊ अंगणात उभा होता. त्याने आधी शेजारच्या सीटकडे पाहिलं, मग स्टिअरिंगकडे, आणि सरळ गाडीमागे जाऊन ओरडायला लागला, "येऊ दे, ताय, येऊ दे." ओटीवर चटई घालून ठेवली होती, उशाला ओला पंचा आणि आमसुलाचं सरबत. वहिनी माहेरी आल्या की पहिला अख्खा दिवस तिथे डोळ्यांवर पंचा घेऊन पडायच्या, म्हणून आईने सकाळीच सुनेकडून तयारी करून घेतली होती. वहिनी चटई ओलांडून सरळ आतल्या खोलीत गेल्या. आतून म्हातारीचा आवाज आला, "निजली नाय ती?" आणि वहिनींचा, "नाय गं आई. आज तुझ्यापाशी बसते."

चटईवर मालक आडवे झाले. मी पंचा पिळून त्यांच्या कपाळावर ठेवला. आत दोघींचं बोलणं सुरू झालं होतं. म्हातारीला ऐकू यावं म्हणून वहिनी तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होत्या. मध्येच म्हातारी हसली.

मला राहवेना. वाकून विचारलं, "मालक, खरं सांगा. गाडीचे पैसे वाया गेले की वसूल झाले?"

मालकांनी डोळे न उघडताच हाताने मला गप्प केलं. "नंतर बोल," म्हणाले. "त्ये आतलं दार जरा उघडं कर. ऐकू येऊ दे."